आईच्या सुतकातलं गरुडपुराण: वाचायला आलेल्या गुरुजींबद्दल

आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवसापासून दहाव्यापर्यंत साताऱ्याच्या आमच्या घरी रोज संध्याकाळी गरुडपुराण वाचलं गेलं. वाचणाऱ्या गुरुजींबद्दल हे लिहितेय. त्यांना न विचारता नाव टाकणं मला बरं वाटत नाही. पण घरात कुणी गेलं की वाचनाला कुणाला बोलवायचं हे ठरवायला कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं, तेव्हा काय बघावं एवढं तरी कळेल.

सात वर्षांपूर्वी अण्णा गेले तेव्हा दुसरे एक पाठक यायचे. त्यांनी नरक रंगवून रंगवून सांगितले, आणि यमलोकाच्या वाटेवरची वैतरणी नदी आली की थांबून गोदानाचा आकडा सांगायचे. आई तोंडाला पदर लावून कोपऱ्यात बसलेली असायची. नंतर कितीतरी रात्री तिने मला विचारलं, "ह्यांना ओलांडता आली असेल का गं ती नदी?" म्हणून या वेळी मी फोनवरच विचारून घेतलं, "गुरुजी, घाबरवणार नाही ना?" ते म्हणाले, "ताई, पोथीतलं काही गाळणार नाही. पण अर्थ सांगितल्याशिवाय पान उलटणार नाही."

बरोबर साडेसहाला यायचे. सुतक म्हणून आमच्याकडचं पाणीही घ्यायचे नाहीत, बाटली सोबत असायची. पिठावर ठेवलेल्या दिव्याची वात सारखी करायचे आणि मग पोथीचं बासन सोडायचे. पोथी सारोद्धाराची, म्हणजे नौनिधिरामांनी केलेलं 16 अध्यायांचं संकलन. मूळ पुराण याहून खूप मोठं आहे. रोज दोन अध्याय, आठ दिवसांत पूर्ण.

पहिल्याच अध्यायात यमदूत येतात. कावळ्यासारखे काळे, केस उभे, तोंडं वाकडी, नखं हीच शस्त्रं, हातात पाश आणि दंड. अंगठ्याएवढा जीव ते देहातून ओढून काढतात तेव्हा तो आपल्या घराकडे बघत असतो. 'पश्यन् स्वकं गृहम्' हे शब्द गुरुजींनी दोनदा वाचले आणि क्षणभर थांबले. माझी नजर आपोआप आईच्या खाटेकडे गेली.

तेवढ्यात भावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं, "आजीला पण बांधून नेलं?" आम्ही सगळे गप्प. गुरुजींनी पान खाली ठेवलं. "आजी वडाला सूत गुंडाळायची ना? त्या सावित्रीच्याच गोष्टीत हे आहे," म्हणाले. महाभारतात सावित्री यमाला विचारते, माणसांना न्यायला तुमचे दूत येतात असं ऐकलंय, मग तुम्ही स्वतः कसे आलात? यम सांगतो, सत्यवान धर्माने वागणारा, गुणी आहे, त्याला माझ्या माणसांनी न्यावं हे योग्य नाही, म्हणून मीच आलो. मग गुरुजींनी चौदावा अध्याय आधीच काढून दाखवला. यमाच्या नगराला चार दारं आहेत आणि पापी लोक फक्त दक्षिणेच्या दाराने जातात. पोरगी त्या रात्री शांत झोपली. या एका गोष्टीसाठी मी त्यांना शंभर वेळा बोलवीन.

वाटेचं वर्णनही त्यांनी आकड्यांसकट समजावलं. 86,000 योजनं, रोज 247 योजनं चाल, मध्ये 16 नगरं. भावाने तिथेच भागाकार केला: 348 दिवस. वर्षश्राद्ध वर्षाने का आणि मासिक श्राद्ध दर महिन्याला का, हे आम्हाला पहिल्यांदा कळलं. चालणाऱ्याची ती शिदोरी आहे.

पिंडांचं तर मी कधीच विसरणार नाही. पिंडांनी गेलेल्याचा वाटेसाठीचा देह घडतो: पहिल्या पिंडाने डोकं, दुसऱ्याने मान आणि खांदे, असं करत दहाव्याने भूक आणि तहान. आमच्याकडे दहाही पिंड दहाव्याला देतात. संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठावर भाऊ बसला होता. आठव्या पिंडाला गुरुजी हळूच म्हणाले, "हे गुडघे." आईचे गुडघे बारा वर्षं दुखत होते. भावाचा हात तिथेच थांबला. गुरुजींनी घाई केली नाही.

कावळ्याने बराच वेळ लावला. एरवी अशा वेळी 'काय इच्छा राहिली असेल' यावरून नातेवाइकांत कुजबुज सुरू होते. गुरुजींनी रामायणातली मरुत्ताच्या यज्ञाची गोष्ट सांगितली: रावणाच्या भीतीने यम कावळ्याचं रूप घेऊन लपला आणि नंतर त्याने कावळ्याला वर दिला, तू जेवलास की माझ्या लोकातले भुकेले तृप्त होतील. कुजबुज थांबली, सगळे झाडाकडे बघत बसले.

उणं म्हणाल तर आवाज फार बारीक, मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना ऐकू जात नव्हतं. त्यांना पुढे बसवा. आणि मोक्षाचा सोळावा अध्याय दहाव्याच्या गडबडीत वीस मिनिटांत आटोपला, त्याला स्वतंत्र संध्याकाळ हवी होती. दक्षिणा त्यांनी सांगितली नाही. आम्ही 5,001 दिले, ते न मोजता खिशात ठेवले.

निघताना मी आईचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दुसरा अध्याय पुन्हा उघडला. तिथे नावाडी सांगतात, वितरण म्हणजे दान, देणं. त्याच्या बळावर ओलांडली जाते म्हणून ती वैतरणी. "अण्णा काय द्यायचे?" गुरुजींनी विचारलं. मला दारातला रांजण आठवला. फेब्रुवारी संपला की अण्णा तो धुऊन, भरून, वर ओलं फडकं टाकून ठेवायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. कमीत कमी वीस उन्हाळे. गुरुजी म्हणाले, "मग झालं की."

आईला हे कुणीतरी सात वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.