जुना रेडिओग्राम की नवा टर्नटेबल?

नौपाड्यातल्या आमच्या शेजारच्या काकू अडकल्यात. सासऱ्यांचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांवर चालणारा) रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच कपाटात, दुरुस्त करावा, की तो काढून नवा टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) आणि स्पीकर घ्यावेत?

खर्चाचं म्हणाल तर नव्याचा आकडा दुकानातच कळतो. जुन्याचा कळत नाही. कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बदलले की एखादा व्हॉल्व्ह कमजोर निघतो, तोवर तबकडी फिरवणाऱ्या चाकाचं रबर दगडासारखं झालेलं असतं. आणि काकू, मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब साठलेला असू शकतो.

खरा मुद्दा रेकॉर्डचा. काकूंकडे लाखेच्या 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, तबकड्या आहेत. त्यांची खाच एलपीपेक्षा (नंतरच्या, 33 फेऱ्यांच्या विनाइल तबकड्यांपेक्षा) रुंद, म्हणून सुईही जाड लागते. काकूंच्या रेडिओग्रामला खटका आहे: फिरवला की एका बाजूला 78 ची सुई, दुसरीला एलपीची. बऱ्याच नव्या टर्नटेबलवर 33 आणि 45 हेच वेग मिळतात, 78 नाही. उलट सुई धरणारा जुना जड आर्म एलपीची खाच लवकर झिजवतो.

जागा? वन बीएचकेत ते कपाट भिंत अडवतं, खाडीकडची दमट हवा प्लायवूड फुगवते. पण डायल पिवळी उजळून, अर्ध्या मिनिटानं भरदार आवाज उमटतो, तो मला फार प्रिय आहे.

तबकड्या 78 च्या असतील आणि जाणकार कारागीर भेटला, तर दुरुस्तीच करा. एलपी रोज ऐकायच्या असतील तर नवा घ्या.