खेकडा की बेडूक?

भाचीला शाळेच्या प्रकल्पासाठी एकच प्राणी घ्यायचाय आणि ती दोघांत अडकलीय. म्हणून दोघांची ठेवणच समोरासमोर मांडून दाखवली.

आधार: खेकड्याचा सांगाडा अंगाबाहेर, कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचा आणि चुन्याचा, स्नायू आतून चिकटलेले. बेडकाची हाडं आत, स्नायू वरून.

वाढीत मात्र खेकडा मार खातो. कवच वाढत नाही, टाकावंच लागतं. मागच्या बाजूला फट पडते, तिच्यातून तो पाय, नांग्या, अगदी डोळ्यांवरचं आवरणसुद्धा मागे सोडत उलटा बाहेर सरकतो. मग नवं कवच टणक होईपर्यंत मऊ अंगाने दडून बसतो. शत्रूला मेजवानीच! बेडकाची हाडं त्याच्यासोबत वाढतात.

संरक्षणात खेकडा उघडच सरस. बेडकाची कातडी नाजूक, पण तिच्यातून तो श्वासही घेतो, हे विसरू नये.

मज्जारज्जू बेडकाच्या पाठीत. खेकड्याची मुख्य चेतारज्जू पोटाच्या बाजूला. रक्ताभिसरण खेकड्यात खुलं, म्हणजे रक्त अवयवांभोवती मोकळं फिरतं; बेडकात वाहिन्यांतून बंद.

सांधे, कवच, पुठ्ठ्याची प्रतिकृती असं काही करायचं असेल तर खेकडा घे. आपल्याच शरीराशी जुळवून दाखवायचं असेल, तर बेडूक.