दातांचं शिबिर की दातांचा विमा?

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात पैसे एकाच गोष्टीला असतील, तर माझं मत शिबिराला. कारण खर्रा. हे तंबाखू, सुपारी, चुन्याचं मिश्रण रोज गालात धरणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडू लागतं. तीन बोटं उभी आत जात नसतील तर तपासणी हवीच. दुखत नाही म्हणून माणूस स्वतःहून जात नाही. शिबिरात डॉक्टरच मशीनजवळ येतो.

विम्याचं उलट: दाढ ठणकल्यावरच आठवतो. शिवाय साध्या ग्रुप पॉलिसीत अपघात सोडला तर दात बहुधा वगळलेलेच. ओपीडी कव्हर, म्हणजे भरती न होता घेतलेल्या उपचारांचा विमा, वेगळं घ्यावं लागतं. पण रूट कॅनालचं बिल शिबिर भरत नाही, हेही खरं. तिथे मेडिकल चौकाजवळचं शासकीय दंत महाविद्यालय स्वस्तात पडतं, अर्धी सुट्टी मिळाली तर.