रोम्नी की ओबामा : माझं मत एका रिकाम्या रकान्यावर ठरलं

कोलंबसला राहणारा माझा मावसभाऊ यंदा, २०१२ साली, अमेरिकेचा नागरिक झाला. पहिलंच मत आणि तेही ओहायोत, जिथे निकाल कुठेही झुकू शकतो, म्हणजे टीव्ही लावला की दर जाहिरातीला कुणीतरी त्याच्या पाया पडतंय. मी न्यू जर्सीत, एडिसनला. अध्यक्षपदाला इथे १९९२पासून डेमोक्रॅटच जिंकतो, त्यामुळे आमच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. परवा त्याचा फोन आला. "दादा, टॅक्सचं गणित कुणाचं बरं आणि माणूस कोण बरा, एवढंच सांग. बाकीचं मी बघतो." ६ नोव्हेंबरची अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आली तरी त्याच्यासारखे अजून तळ्यात-मळ्यात असलेले आणखीही असतील, म्हणून सविस्तर लिहितोय.

अध्यक्ष ओबामा डेमोक्रॅट, त्यांच्यासमोर रिपब्लिकन रोम्नी. दोघांच्या करयोजना सर्वांनी ऐकल्याच आहेत. अडीच लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्या जोडप्यांसाठी बुश यांच्या काळातली करकपात ओबामा चालू ठेवणार, त्यावरच्यांना वरचा दर पुन्हा ३९.६ टक्के. रोम्नी सगळेच दर एक पंचमांशाने उतरवणार, ३५चे २८, २५चे २०, आणि बुडालेला महसूल वजावटींना कात्री लावून भरून काढणार. कोणत्या वजावटींना, तेवढं विचारू नका.

माझं घोडं नेमकं इथे अडलं. गेल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर मागच्या वर्षीचं रिटर्न आणि मुलीचा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. आम्हा दोघांचं उत्पन्न १ लाख ४० हजार डॉलर. घराच्या कर्जाचं व्याज १४ हजार, प्रॉपर्टी टॅक्स ९ हजार (न्यू जर्सीकर उसासे टाकतील), राज्याचा आयकर ६ हजार. वजावट झाली २९ हजारांची. रोम्नींच्या दरांनी कर काढायला घेतला, तर वजावटीच्या रकान्यात काय लिहायचं तेच कळेना. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते एकूण वजावटीला १७ हजारांची मर्यादा म्हणाले. ओबामांबरोबरच्या डेन्व्हरच्या डिबेटमध्ये २५ हजार, ५० हजार, काहीही धरा म्हणाले. हेम्पस्टेडच्या पुढच्या डिबेटला पुन्हा २५, तेही "समजा" म्हणून. मी तिन्ही आकडे घालून पाहिले. १७ हजार धरले तर माझे साडेआठशे डॉलर वाचतात, २५ धरले तर अडीच हजारांच्या आसपास, ५० धरले तर सव्वातीन हजार.

म्हणजे तिन्ही वेळा माझा फायदाच. बायको म्हणाली, मग तक्रार कसली? तक्रार हीच. मला फायदा, शेजाऱ्याला फायदा, लखपतीलाही फायदा, आणि तरी तिजोरीत एक डॉलर कमी पडणार नाही, हे गणित आमच्या साताऱ्याच्या वाण्यालाही जमलं नसतं. टॅक्स पॉलिसी सेंटर या अभ्याससंस्थेने ऑगस्टमध्ये हिशेब मांडून सांगितलं, की ही सगळी वचनं पाळायची तर दोन लाखांच्या खालच्यांवरच बोजा वाढतो. रोम्नींच्या अर्थतज्ज्ञांना ते मान्य नाही, आणि मी काही सीपीए, म्हणजे इथला सीए, नाही, तेव्हा त्यांचंही बरोबर असू शकेल. पण २००६ साली हे घर घेतलं तेव्हा ब्रोकरने सगळ्यात आधी व्याजाची वजावटच दाखवली होती. तीस वर्षांचं कर्ज मी त्या रकान्याच्या भरवशावर घेतलंय. "आधी माल न्या, भाव मागाहून लावू" असं म्हणणाऱ्याकडून आमच्या आईने कधी कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेतली नाही.

आता माणूस. खरं सांगायचं तर रोम्नी मला वाईट वाटत नाहीत. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देणारा, संसारी, शब्दाला जागणारा गृहस्थ. पण इथेही रकाना रिकामाच. वडील जॉर्ज रोम्नी उमेदवार होते तेव्हा त्यांनी बारा वर्षांची रिटर्न्स लोकांपुढे ठेवली होती. मुलाने दोन ठेवली. त्यातलं २०११चं मजेशीर आहे. कर १४.१ टक्के. दानधर्म चाळीस लाखांचा, पण वजावट मागितली साडेबावीस लाखांचीच, कारण १३ टक्क्यांच्या खाली कधी गेलो नाही असं आधी बोलून बसले होते. बोललेलं खरं ठरावं म्हणून जास्त कर भरणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही! ओबामांचा त्याच वर्षीचा कर २०.५ टक्के, उत्पन्न मात्र रोम्नींच्या पासंगालाही न पुरणारं.

सत्तेचाळीस टक्क्यांची ती चोरून घेतलेली चित्रफीत निघाली तेव्हा मात्र मी गप्प बसून राहिलो. देशातले आयकर न भरणारे सत्तेचाळीस टक्के लोक स्वतःची जबाबदारी घेत नाहीत, असा रोम्नींच्या त्या बोलण्याचा सूर होता. २००९ साली माझी नोकरी गेली. आठ महिने घरी होतो. दोन मुलं, हेच कर्ज, एकटीचा पगार. त्या वर्षी आमचा आयकर शून्य आला होता. पगारातून सोशल सिक्युरिटी (पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा आरोग्यविमा) यांचे पैसे कापून जातच होते, पण ते या मोजणीत धरत नाहीत. म्हणजे आम्ही दोघं त्या सत्तेचाळीसातलेच.

ओबामा धुतल्या तांदळासारखे आहेत असं नाही. सरकारची तूट पहिल्या कारकिर्दीत निम्मी करीन म्हणाले होते. चारही वर्षं ती एक ट्रिलियन (एक लाख कोटी) डॉलरच्या वर राहिली. अडीच लाखांवरच्यांकडून जे मिळेल ते त्या खड्ड्यापुढे चिमूटभरच. डेन्व्हरला तर मान खाली घालून असे उभे होते, जणू बायकोने बळजबरीने लग्नाला आणलंय. रोआनोकच्या भाषणातलं, धंदेवाल्यांना उद्देशून असलेलं "ते तुम्ही उभं केलं नाही" हे वाक्य मागचंपुढचं तोडून फिरवलं गेलं हे मान्य, तरी माझा एक मोटेलवाला मित्र अजून ते विसरायला तयार नाही. रात्री दोनला उठून खोलीचा नळ दुरुस्त करणारा माणूस तो, त्याला मी काय समजावणार? पण ओबामांच्या योजनेत माझी ओळ कुठे आहे ते दिसतं. साडेआठशेही वाचणार नाहीत, मात्र काय भरायचं ते आज कळतं. माझं मत तिकडे.

मावसभावाला हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, माझं ऐकू नकोस, स्वतःचं रिटर्न काढून बघ. अर्ध्या तासाने त्याचा पुन्हा फोन. घर लहान, कर्ज थोडं, वजावट सगळी मिळून १५ हजार. १७ची मर्यादा त्याला लागतच नाही.

"म्हणजे दादा, मला रोम्नीच ना?"

सोमवारी वादळ येतंय म्हणतात, दुकानातल्या बॅटऱ्या संपायच्या आत जाऊन येतो, मग बोलू, असं सांगून मी फोन ठेवला.