बंद झालेलं अकाउंट: ॲपमधलं अपील की सरकारी समिती?

मालवणात आमच्या होमस्टेचं बहुतेक बुकिंग सोशल मीडियावरच्या अकाउंटवरूनच येतं. ऐन मे महिन्यात ते कंपनीने बंद केलं, तेव्हा दोन वाटा दिसल्या.

पहिली, ॲपमधलं अपील. पाच मिनिटांचं काम: बाजू मांडायची, मागितला तर सेल्फी व्हिडिओ द्यायचा. चुकून बंद झालं असेल तर इथेच सुटू शकतं. पण उत्तर बरेचदा साचेबंद येतं आणि पुढे विचारायला माणूस सापडत नाही.

दुसरी, केंद्र सरकारची तक्रार अपील समिती, मार्च २०२३ पासून सुरू झालेली. अर्ज ऑनलाइन, दिल्लीची वारी नाही. मात्र थेट तिथे जाता येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहायचं. २४ तासांत पोच मिळायला हवी. त्याचा निर्णय पटला नाही, तर ३० दिवसांच्या आत समितीकडे. ॲपमधलं अपील म्हणजे ही तक्रार नव्हे, इथेच आमच्याकडची बरीच मंडळी अडकतात. म्हणून बंदीचा संदेश, ईमेल, तारखा, सगळ्याचे स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढून ठेवा.

हंगाम हातचा जात असेल तर मी आधी अपीलच करीन, पण त्याच संध्याकाळी तक्रार अधिकाऱ्यालाही लिहीन. आणि पैसे घेऊन अकाउंट परत आणून देतो म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका, तो गावातलाच असला तरी.