म्हाडाची ऑनलाइन सोडत: अर्ज सोपा, पैशांचं गणित अवघड

म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, घरांच्या सोडतीचं मोजमाप करायचं तर सोडतीपर्यंतचं काम आणि नंतरचं काम वेगवेगळं बघावं लागतं. पहिलं आता खरोखर सुधारलंय. दुसऱ्यात मात्र सामान्य पगारदाराची दमछाक ठरलेली.

पूर्वी घर आधी लागायचं आणि पात्रता नंतर तपासली जायची. विजेत्याची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहायची, दलालांचं फावायचं. २०२३ च्या सुरुवातीला नवी संगणकीय प्रणाली आली आणि हा क्रम उलटा झाला. आता आधी कायमस्वरूपी नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, मगच अर्ज. नोंदणी एकदा झाली की पुढच्या सोडतींनाही चालते. उत्पन्नाचा पुरावा तेवढा त्या-त्या वर्षाचा द्यावा लागतो. संकेतस्थळ आणि मोबाइल ॲप दोन्ही आहेत, आणि मराठी मजकूर वाचून कळतो. सरकारी ॲपबद्दल एवढं म्हणता येणं हीसुद्धा बातमीच.

अडकतं ते कागदपत्रांत. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू नसेल तर ओटीपी येत नाही आणि गाडी पहिल्याच स्थानकात थांबते. आधार आणि पॅनवरचं नाव तंतोतंत जुळायला हवं. लग्नानंतर एकावर बदललेलं आणि दुसऱ्यावर माहेरचं राहिलेलं नाव हमखास नडतं. अधिवास प्रमाणपत्र बारकोड असलेलं, गेल्या पाच वर्षांतलं लागतं. ट्रंकेतलं जुनं चालत नाही. जाहिरात आल्यावर सेतू केंद्रात धावण्यापेक्षा ते आधीच काढून ठेवावं. उत्पन्नासाठी आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदाराचा दाखला. विवाहित असाल तर जोडीदाराचं आधार-पॅनही लागतं आणि उत्पन्न दोघांचं मिळून धरतात. एकट्याचा पगार टाकून अत्यल्प उत्पन्न गटात अर्ज करणारे इथेच बाद होतात.

मुंबई महानगर, पुणे आणि नागपूर क्षेत्रांत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न सहा लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प, नऊ लाखांपर्यंत अल्प, बारा लाखांपर्यंत मध्यम आणि त्यावर उच्च गट. खालच्या गटातल्याला वरच्या गटाच्या घरासाठी अर्ज करता येतो, उलट चालत नाही. २०२३ च्या मुंबई सोडतीत अनामत रक्कम अत्यल्प गटाला २५ हजार, अल्पला ५० हजार, मध्यमला एक लाख आणि उच्चला दीड लाख होती. त्यावर ५९० रुपये अर्जशुल्क, ते परत मिळत नाही. अनामत मात्र घर न लागल्यास खात्यात परत येते. खातं अर्जदाराच्याच नावाचं हवं. दोन योजनांच्या संकेत क्रमांकांवर अर्ज म्हणजे दोन अनामती. पात्र अर्जांची प्रारूप यादी लागली की आपलं नाव बघाच. हरकत घ्यायला वेळ असतो तो तेव्हाच, अंतिम यादीनंतर नाही.

आता खरी गोम. २०२३ मध्ये पहाडी गोरेगावच्या अत्यल्प गटातल्या घराची किंमत सुमारे ३० लाख ४४ हजार होती. पहिला हप्ता २५ टक्के, म्हणजे साडेसात लाखांच्या वर, आणि तो भरायला दीड महिना. महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार कमावणाऱ्या कुटुंबाने हे आणायचे कुठून? बँक देईल, पण देकार पत्र (घर देऊ केल्याचं पत्र) आणि म्हाडाचं ना-हरकत पत्र हातात आल्यावर. तोवर घड्याळ चालूच. शिवाय दहा टक्के तरी स्वतःचे घालावे लागतात. २७ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं धरलं तर हप्ता २४ हजारांच्या पुढे जातो, म्हणजे जवळजवळ अर्धा पगार. मुदतवाढ मिळते, पण व्याजासकट. म्हणून बँकेकडून कर्जाची तत्त्वतः मंजुरी सोडतीआधीच घेऊन ठेवावी. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि सोसायटीचा देखभाल खर्च वेगळा. ताबा घेतल्यापासून पाच वर्षं घर विकता येत नाही, हेही लक्षात ठेवून उडी मारा.

किमतींचा दुसरा घोळ खासगी विकासकांकडून म्हाडाला मिळणाऱ्या घरांचा. ती मोक्याच्या जागी असतात आणि किंमतही तशीच. २०२३ मध्ये ताडदेवचं एक घर साडेसात कोटींच्या वर होतं. २०२४ च्या २,०३० घरांच्या सोडतीत ओरड झाल्यावर अशा ३७० घरांच्या किमती १० ते २५ टक्क्यांनी उतरवल्या गेल्या. किंमत ठरवताना उत्पन्न गट बघितला असता तर ही वेळ आली नसती.

भाड्याने राहणाऱ्याला या सगळ्यात काहीच नाही. एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) २००८ मध्ये १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना काढली होती. काही वर्षांतच ती गुंडाळून परवडणाऱ्या घरांकडे वळवली गेली. घर घ्यायची ऐपत नसलेल्यांसाठी तेवढंच दार होतं.

नशिबावर भरवसा नसेल तर विरार-बोळींजचा पर्याय बघा, तिथे घरं अजून शिल्लक असतील तर. म्हाडाच्या कोकण मंडळाची तिथली हजारो घरं पडून राहिली होती, पाणीटंचाई हे त्यामागचं मोठं कारण, आणि मग ती सोडतीशिवाय, प्रथम येणाऱ्यास प्राधान्य या तत्त्वावर विकायला काढली गेली. पैसे भरण्यापूर्वी मात्र उन्हाळ्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी तिथे जा, राहणाऱ्यांना पाण्याच्या वेळा आणि महिन्याचा देखभाल खर्च विचारा, आणि सकाळच्या गर्दीत विरार स्थानकापर्यंत रिक्षाला किती वेळ लागतो ते स्वतः मोजा.