रात्रीची पंधरा मिनिटं : एक्झामेनचे आठ महिने

गेल्या वर्षी ७ सप्टेंबर २०२५ ला रोममध्ये कार्लो अकुतिस आणि पिएर जॉर्जो फ्रासाती या दोन तरुण कॅथलिकांना संतपद मिळालं. रविवार होता. मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, आम्ही पाचसहा जण त्याबद्दल बोलत बसलो. कार्लो पंधराव्या वर्षी गेला, फ्रासाती चोविसाव्या. फ्रासाती डोंगर चढणारा, म्हणून आम्हा अजिंक्यताऱ्यावर जाणाऱ्या पोरांना तो लगेच आपला वाटला. पण घरी जाताना एकच मनात आलं : उद्या सोमवारी मी नेमकं काय करायचं? तरुणांनी संतांसारखं जगावं असं सगळे सांगतात, सोमवारचं कुणी सांगत नाही.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर, म्हणजे धातूचे भाग कापणाऱ्या संगणकी यंत्रावर आहे, तीन पाळ्यांत. मिस्सा सहसा चुकत नव्हती. पण मशीनवर जॉब (घडवायचा भाग) लाव, जॉब काढ, हे सगळं कशासाठी, हे कुणाला विचारायची सोय नव्हती. आई म्हणायची, जपमाळ कर. एकदा कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, झाल्यावर फादरांशी बोललो. त्यांनी उपदेश केला नाही, फक्त विचारलं, "काल दिवसभरात तुला बरं कधी वाटलं?" कालचाच दिवस, आणि मला आठवेना. मग त्यांनी एक्झामेन शिकवलं, म्हणजे रात्री देवासमोर आपला दिवस तपासून पाहायची प्रार्थना.

हे संत इग्नेशियस लोयोला यांचं. ते आधी लढवय्ये होते. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं पाय मोडला आणि ते घरी पडून राहिले. वाचायला शौर्यकथा मागितल्या, पण घरात होती ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं : पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगावं असा विचार केला की येणारा आनंद मात्र नंतरही टिकायचा. मला वाटतं, सगळं मर्म या एका निरीक्षणात आहे. देव आपल्याला कुठं ओढतोय ते मागे राहिलेल्या चवीवरून कळतं.

करायचं एवढंच : देवाचे आभार, मग स्वतःला नीट बघता यावं म्हणून कृपा मागणं, उठल्यापासूनचा दिवस तासातासानं आठवणं, चुकलं त्याची क्षमा, उद्याचा निश्चय, शेवटी प्रभूची प्रार्थना. पंधरा मिनिटं. अंथरुणात करू नका, पहिला आठवडा मी तसाच झोपेत घालवला. खुर्चीत बसा.

दुसऱ्या महिन्यात मात्र गाडी घसरली. प्रार्थनेत आठवलेलं मी एका वहीत लिहायचो, ती वही म्हणजे गुन्ह्यांची यादी झाली. आज शिवी दिली, आज आईवर ओरडलो. रोज रात्री स्वतःचाच राग यायला लागला. फादर म्हणाले, तू आभाराची पायरी गाळून थेट चुकांवर उडी मारतोयस. तेव्हापासून पहिली पाच मिनिटं फक्त आभार, तेही नेमके. "सगळ्यासाठी धन्यवाद" असं नाही. डबा विसरलो तेव्हा हेल्परनं अर्धी भाकरी आणि खर्डा पुढं केला, त्यासाठी. आमच्यातली एक मुलगी आधीच स्वतःला फार बोल लावणारी आहे. तिला हे एकटीनं जमलं नाही, उलट त्रास वाढला. असा स्वभाव असेल तर फादर किंवा सिस्टरांना सोबत घेऊनच सुरुवात करा.

सुरुवातीला मोबाइलवर इंग्रजीतून ऐकायचो. शब्द कळत होते, पण लागत नव्हते. आईशी ज्या भाषेत भांडतो त्या भाषेत देवाशी बोलायला लागलो तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं. इग्नेशियसनी स्थापलेल्या येशूसंघाचे (जेझुइट धर्मगुरूंच्या संघाचे) फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये इंग्लंडहून गोव्यात आले आणि त्यांनी मराठीत ओव्या रचल्या. परक्या माणसानं एवढे कष्ट घेतले आणि आपण आपली प्रार्थना उसनी का ठेवायची?

तीनचार महिन्यांनी वही चाळली तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. ज्या दिवशी नव्या अप्रेंटिस पोराला काही शिकवलं, त्या रात्री मन हलकं. ज्या दिवशी ओव्हरटाइम आणि नंतर नुसतं रील्स, त्या रात्री कोरडं. शिकवायला मला आवडतं, हे सव्वीस वर्षांत मला माहीत नव्हतं. आता रविवारी लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. पगार तोच आहे, पाळ्याही त्याच. पण "कशासाठी" हा प्रश्न आला की आता उत्तर म्हणून काही चेहरे डोळ्यांसमोर येतात.

फेब्रुवारीत कंत्राट वाढेल की नाही याची खात्री नव्हती. तीन आठवडे प्रार्थनेत काही जाणवलं नाही, सोडून द्यावंसं वाटलं. इग्नेशियसचा नियम आहे की मन असं अंधारलेलं असताना आधी ठरवलेलं बदलू नये. तेवढं धरून रोज बसत राहिलो. चौथ्या आठवड्यात काही चमत्कार झाला नाही, फक्त बसणं जड वाटेनासं झालं.

रात्रपाळीच्या आठवड्याचं अजून पुरतं जमलेलं नाही. घरी पोचलो की झोप लागते. सध्या सकाळी सुटल्यावर पार्किंगमध्ये गाडीवर बसून, चावी लावायच्या आधी करतो. पंधराची आठ मिनिटं होतात, पण होतात.